लोणारची आघात-काच

लोणारची आघात-काच : अशनीच्या आघाताने निर्माण झालेल्या प्रचंड दाबामुळे खडकांतील खनिजांची स्फटिकी रचना मोडून वा खडक वितळून बनलेला काचमय पदार्थ. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या तळाखालील भग्न खडकांत आणि विवराभोवती फेकल्या गेलेल्या दगडमातीत हा पदार्थ आढळतो. लोणारचे विवर कशाने निर्माण झाले, हा सु. दीडशे वर्षे अनिर्णित राहिलेला प्रश्न प्रामुख्याने या काचेच्या अभ्यासामुळे सुटला. दाब, तापमान व काल यांच्या विशिष्ट संयोगाने काच कशी घडते वा टिकते, हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातुवैज्ञानिकांपुढेही उभा राहिला. धातूंच्या चूर्णापासून दाबाखाली काचमय धातूचे जाड पिंड बनविण्याच्या कृतींशी लोणारच्या काचेचे काही बाबतींत निकटचे साम्य आहे, तर काही बाबतींत मूलभूत भेद आहे.

स्थान व स्वरूप : लोणार हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून विवर गावालगत आहे. दख्खन ट्रॅपच्या बेसाल्ट खडकात पडलेला हा जवळजवळ वर्तुळाकार खड्डा आहे. त्याचा व्यास सु. १·८ किमी. व काठापासूनची खोली सु. १५० मी. आहे. काठाचा बराचसा भाग सभोवतालच्या सपाट प्रदेशापेक्षा सु. २० मी. उंच उचललेला असून तेथील लाव्ह्याचे थर विवरापासून बाहेरच्या बाजूस कललेले दिसतात. तळाचा बहुतेक भाग उथळ, खाऱ्या व तीव्र अल्कधर्मी पाण्याच्या सरोवराने व्यापलेला आहे. ज्या बेसाल्टात हे विवर आहे तो सु. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. विवर मात्र त्या मानाने अगदी अलीकडचे असून त्याची आकृती बरीच शाबूत राहिलेली आहे.

जुने उल्लेख : लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूच्या दैत्यसूदन या रूपाशी लोणारची स्थलकथा निगडित आहे. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर शिल्पकामासाठी प्रसिद्ध आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारचा उल्लेख केला असून, काच व साबण तयार करण्यास लागणारी द्रव्ये येथे मिळतात व त्यांवरील करापासून राज्याला चांगले उत्पन्न होते, असे नोंदविले आहे. सरोवराचे पाणी उन्हाळ्यात आटले म्हणजे काठावर सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचे क्षार साठतात. वाळूत असा क्षार मिसळला म्हणजे ती कमी तापमानास वितळते, म्हणून काचेच्या धंद्यात त्याला मागणी असे. या क्षारांच्या व्यापारामुळे लोणारचे नाव काचेशी फार पूर्वीच जोडले गेले होते. विवराच्या उत्पत्तीचे रहस्य उलगडणारी काच मात्र पाण्यातील क्षारांत नव्हे, तर दगडांत दडलेली होती आणि तिच्याकडे लक्ष जाण्यास आणखी पावणेचार शतके लागली.

ज्वालामुखीचा तर्क : यूरोपीयांपैकी ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये या विवराची नोंद केली. त्यानंतरच्या भूवैज्ञानिकांनी त्याची उत्पत्ती ज्वालामुखीशी जोडली. चोहोकडे लाव्ह्याचेच खडक असल्याने हा तर्क स्वाभाविक होता. मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांच्या १८७९ मधील भारताच्या भूविज्ञानावरील ग्रंथात ज्वालामुखीच्या स्फोटाखेरीज या खड्ड्याचे दुसरे कारण मानणे कठीण आहे, असाच अभिप्राय आढळतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या वतीने ला टूश व क्रिस्टी यांनी केलेला सरोवराच्या भूविज्ञानाचा व क्षारांचा सविस्तर अभ्यास १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या अभ्यासातही विवराच्या कारणाचा शोध भूगर्भातच घेतला गेला.

या तर्कात एक मोठी अडचण होती. दख्खनमधील लाव्ह्याचे उद्रेक कोट्यवधी वर्षांपूर्वी थांबलेले होते आणि विवर तर अलीकडचे दिसत होते. विवर करणाऱ्या ज्वालामुखीतून बाहेर पडलेला नवा लाव्हा वा राख लोणारच्या परिसरात सापडत नव्हती. म्हणून काहींनी केवळ वाफेचा वा वायूंचा स्फोट कल्पिला, तर काहींनी जमीन खचल्याचे मानले. प्रत्येक कल्पनेने काही लक्षणांचा उलगडा होई. पण उचललेला काठ, वर्तुळाकृती व नव्या लाव्ह्याचा अभाव या सर्वांचा एकत्रित उलगडा होत नसे.

याच सुमारास अमेरिकेतील ॲरिझोनामधील कून ब्यूट या विवरासंबंधी वाद चालू होता. अमेरिकन भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे विवर अशनिपाताने झाले की वाफेच्या स्फोटाने, याची चर्चा करून वाफेच्या स्फोटाच्या बाजूने कौल दिला आणि तुलनेसाठी लोणारचाही उल्लेख केला. पुढे तेच अमेरिकन विवर अशनिपाताचे असल्याचे सिद्ध झाले. जगातील दोन विवरांचे साम्य अचूक ओळखले गेले होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र उलट निघाला. नुसत्या आकृतीवरून उत्पत्ती ठरविता येत नाही, हे यावरून दिसून येते. आघाताच्या दाबाचा खडकातच राहिलेला ठसा सापडणे आवश्यक होते.

काचेचे स्वरूप : काच हे एखाद्या विशिष्ट द्रव्याचे नाव नसून पदार्थाची ती एक अवस्था आहे. स्फटिकात अणूंची मांडणी ठराविक अंतराने पुनःपुन्हा येणारी व नियमित असते. काचेत ती नसते. काच घन असली, तरी तिच्यातील अणूंची मांडणी द्रवातील मांडणीसारखी विस्कळित असते. द्रव इतक्या झटपट थंड झाला की अणूंना स्फटिकात ओळीने बसण्यास अवधीच मिळाला नाही, तर काच बनते. खिडकीची काच, ज्वालामुखीतून येणारी ऑब्सिडियन ही नैसर्गिक काच आणि काही मिश्रधातूंची काच या सर्व या व्याख्येत बसतात.

काच होण्याचा याहून वेगळा मार्गही आहे. स्फटिकावर अत्यंत मोठा दाब क्षणार्धात आला, तर त्याची नियमित रचना न वितळताच कोसळू शकते. कणाचा बाह्य आकार व पृष्ठावरील खुणा तशाच राहतात. आतील मांडणी मात्र मोडते. अशी काच म्हणजे जणू आतून ढासळलेला, पण बाहेरून उभा असलेला वाडा होय.

मास्केलिनाइट : या दुसऱ्या प्रकारच्या काचेचा इतिहासही भारताशी निगडित आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील शेरघाटी येथे एक अशनी पडली. तिचे परीक्षण करताना ऑस्ट्रियन खनिजवैज्ञानिक गुस्टाफ चेरमाक यांना फेल्स्पारासारखे संघटन असलेला, परंतु स्फटिकाचे प्रकाशीय गुणधर्म नसलेला एक पदार्थ आढळला. ब्रिटिश म्यूझीयमचे खनिजसंग्राहक नेव्हिल स्टोरी-मॅस्केलिन यांच्या नावावरून त्यांनी त्याला १८७२ मध्ये मास्केलिनाइट असे नाव दिले. तो कसा बनतो हे मात्र त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे स्पष्ट झाले नाही.

अमेरिकेतील द कार्ली व जेमिसन यांनी १९५९ मध्ये स्फोटाच्या तरंगाने क्वॉर्ट्झचे अस्फटिकी रूप तयार केले. त्यानंतर १९६३ मध्ये डॅन्येल मिल्टन व द कार्ली यांनी गॅब्रो या खडकावर असाच प्रयोग केला. त्यांना २५० ते ३०० किलोबार, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सु. अडीच ते तीन लाख पट दाबाला, खडकातील प्लॅजिओक्लेज फेल्स्पाराचे मास्केलिनाइटात रूपांतर झालेले दिसले. त्याच्या शेजारचे पायरोक्सीन हे खनिज मात्र स्फटिकीच राहिले होते. ६०० ते ८०० किलोबार दाबाला तापमान प्लॅजिओक्लेजाच्या वितळबिंदूच्या पलीकडे गेले. शेरघाटीच्या अशनीतील कोडे अशा रीतीने प्रयोगशाळेत उलगडले आणि आघात ओळखण्याची एक कसोटी हाती आली. या अशनीतील सर्व मास्केलिनाइट घन स्थितीतच बनले, की त्याचा काही भाग दाबाखाली वितळून गोठला, याविषयी मात्र २००० नंतरही मतभेद राहिले आहेत.

लोणारचा निर्णय : ॲरिझोनाच्या विवरात १९६० मध्ये कोएसाइट हे क्वॉर्ट्झचे उच्च दाबाखालील रूप सापडले व तेथील वाद संपला. ही कसोटी लोणारला लावता येत नव्हती. ॲरिझोनाचे विवर वालुकाश्मात, म्हणजे क्वॉर्ट्झयुक्त खडकात आहे. लोणारचा बेसाल्ट मुख्यत्वे प्लॅजिओक्लेज व पायरोक्सीन यांचा बनलेला आहे. म्हणून येथे प्लॅजिओक्लेजाच्या काचेचाच शोध घेणे भाग होते. लाफाँड व डीट्स यांनी १९६४ मध्ये लोणार हे अशनिपात विवर असावे, अशी शक्यता प्रश्नरूपाने मांडली; तिला निर्णायक पुरावा मिळण्यास आणखी नऊ वर्षे लागली.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था, वॉशिंग्टनची स्मिथसोनियन इन्स्टिट्यूशन व अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था यांतील शास्त्रज्ञांनी विवराच्या तळात छिद्रे पाडून खडकांचे नमुने मिळविले. कुर्ट फ्रेड्रिक्सन, ए. दुबे, डॅन्येल मिल्टन व एम. एस. बालसुंदरम् यांचा या नमुन्यांवरील लेख १९७३ मध्ये सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तळाखाली ३०० मी. हून अधिक खोलीवर भग्न बेसाल्टाचे तुकडे व त्यांचे बारीक चूर्ण यांचा बनलेला सूक्ष्मकोणाश्म आढळला. त्यात, तसेच विवराबाहेर फेकल्या गेलेल्या दगडांत, मास्केलिनाइट होते. शेरघाटीचे कोडे सोडविणारे मिल्टनच लोणारच्या अभ्यासातही सहभागी होते.

येथे काच सापडणे एवढाच पुरावा नव्हता. बेसाल्टी लाव्हा झटपट थंड झाला म्हणजेही काच होते आणि दख्खन ट्रॅपमध्ये ती मुळातच आढळते. निर्णायक ठरले ते काचेचे रूप. सूक्ष्मदर्शकातून ध्रुवित प्रकाशात पाहिल्यास प्लॅजिओक्लेजाचे लांबट कण आपला मूळ आकार राखून असलेले दिसत. पण ध्रुवणकारक परस्परांना काटकोनात ठेवल्यावर स्फटिकाप्रमाणे उजळण्याऐवजी ते पूर्णपणे काळे पडत. त्यांना खेटून असलेले पायरोक्सीनाचे कण मात्र स्फटिकीच होते. उष्णतेने हे घडले असते, तर कणांच्या कडा वितळून शेजारच्या खनिजाशी मिसळल्या असत्या. ज्वालामुखीच्या स्फोटातील दाबही शेकडो किलोबारांपर्यंत पोहोचत नाही. एवढा दाब क्षणभर निर्माण करू शकेल अशी नैसर्गिक घटना एकच : सेकंदाला अनेक किलोमीटर वेगाने येणाऱ्या अशनीचा आघात.

कीफर, शाल, गिबन्स, हर्ट्स, मिल्टन व दुबे यांनी १९७६ मध्ये लोणारच्या खडकांचे आघाताच्या तीव्रतेनुसार पाच वर्ग केले. सु. २०० किलोबारांपेक्षा कमी दाबाला खनिजे केवळ तडकतात. सु. २०० ते ४०० किलोबार दाबाला प्लॅजिओक्लेजाचे मास्केलिनाइट होते. त्याहून अधिक दाबाला फेल्स्पार-काच वितळून वाहू लागते. पुढे पायरोक्सीनही विकृत होऊन वितळू लागते आणि सु. ८०० किलोबारांपलीकडे संपूर्ण खडकच वितळतो. वितळून उडालेले थेंब हवेत गोठल्यामुळे बनलेल्या काचेच्या बारीक गोलिका लोणारच्या परिसरात सापडतात. एकाच विवरात घन स्थितीत मोडून बनलेली काच आणि द्रव गोठून बनलेली काच अशा दोहोंची क्रमवार साखळी मिळते, हे लोणारचे वैशिष्ट्य होय.

चूर्णावरील दाब : लोणारचा बेसाल्ट आणि अपोलो-१७ मोहिमेने १९७२ मध्ये चंद्रावरून आणलेला एक बेसाल्ट यांवर शाल व हर्ट्स यांनी सारख्याच परिस्थितीत १,००० किलोबारांपर्यंत आघात करून पाहिले (१९७७). त्यानंतर १९७९ मध्ये चंद्रावरील त्याच खडकाचे चूर्ण करून त्यावर आघात करण्यात आले. अखंड खडक व त्याचे चूर्ण यांच्या वर्तनात मोठा फरक आढळला. चूर्णातील कणांमध्ये पोकळ्या असतात. आघाताने त्या मिटताना कण एकमेकांवर आदळतात व घासले जातात. त्यामुळे जास्त उष्णता निर्माण होते आणि ती कणांच्या कडांशी एकवटते. परिणामी अखंड खडकाच्या मानाने कितीतरी कमी दाबाला कणांच्या कडा वितळतात व त्यांची काच कणांना सांधते. कणांचा गाभा त्या मानाने थंड राहतो. सुट्या चूर्णाचा एकसंध दगड असा क्षणार्धात बनतो. चंद्राच्या पृष्ठावरील धूळ अशनींच्या माऱ्याने सांधली जाऊन बनलेले खडक अपोलो मोहिमांना मिळाले होते. लोणारचे सूक्ष्मकोणाश्म व काचगोलिका यांचे या चांद्र नमुन्यांशी निकटचे साम्य १९७३ च्या लेखातच दाखविण्यात आले होते.

धातुकाच : धातूंचे अणू फार लवकर स्फटिकात बसतात; म्हणून धातूची काच होणे दीर्घकाळ अशक्यप्राय मानले जाई. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील क्लेमेंट, विलेन्स व पोल ड्यूवे यांनी १९६० मध्ये सोने व सिलिकॉन यांचा वितळलेला मिश्रधातू सेकंदाला सु. दहा लाख अंश या वेगाने थंड करून पहिली धातुकाच मिळविली. इतक्या वेगाने उष्णता काढून घ्यावयाची, तर धातूचा थर अत्यंत पातळ असावा लागतो. त्यामुळे अशी काच पापुद्रे, फिती, तारा वा सूक्ष्म कण या रूपांतच मिळे. रोहित्राच्या गाभ्यासाठी फिती उपयुक्त ठरल्या. पण यंत्राचा जाड भाग त्यांतून घडविता येईना.

यावर दोन मार्ग निघाले. पहिला, मंद गतीने थंड होतानाही स्फटिक होऊ न देणारे मिश्रधातू शोधणे. जपानमधील सेंदाई येथे अकिहिसा इनोउए यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून असे अनेक मिश्रधातू तयार केले. १९९३ मध्ये पेकर व जॉन्सन यांनी झिर्कोनियम, टिटॅनियम, तांबे, निकेल व बेरिलियम यांचा असा मिश्रधातू जाहीर केला, की त्यास सेकंदाला सु. एक अंश इतकी मंद शीतनगतीही पुरते व त्याचे कित्येक सेंमी. जाडीचे काचमय पिंड ओतता येतात.

दुसरा मार्ग चूर्ण धातुविज्ञानाचा होय. वितळलेल्या धातूच्या धारेवर वायूचा झोत सोडला म्हणजे तिचे सूक्ष्म थेंब होतात. हे थेंब लहान असल्याने झटपट थंड होऊन त्यांची काच होते. हे चूर्ण साच्यात भरून, वितळू न देता तापवून व दाबून त्याचा एकसंध पिंड करतात. या कृतीला सिंटरण म्हणतात. तत्त्वतः अशा पिंडाच्या जाडीला शीतनाच्या वेगाची मर्यादा राहत नाही, कारण काच कणाकणांत आधीच झालेली असते. अडचण असते ती ही काच टिकविण्याची. कण सांधण्यासाठी उष्णता हवी, पण उष्णता वाढली की अणूंना हालचालीस वाव मिळून स्फटिक वाढू लागतात. एका विशिष्ट तापमानाच्या वर काच मऊ होऊन दाट द्रवाप्रमाणे वाहू लागते आणि आणखी वरच्या एका तापमानाला ती स्फटिकरूप होते. या दोन तापमानांमधील अरुंद पट्ट्यात, तेही थोडा वेळच, काम उरकावे लागते. वर उल्लेखिलेल्या झिर्कोनियम मिश्रधातूच्या बाबतीत हा पट्टा सु. ३५०° से. पासून काही दशक अंशांचा आहे.

येथे दाबाचे महत्त्व आहे. दाबामुळे मऊ झालेले कण एकमेकांत घुसतात, पोकळ्या मिटतात आणि कणांवरील ऑक्साइडाचे पातळ कवच फुटून आतील शुद्ध धातू धातूला भिडतो. विजेच्या स्पंदांनी साचा व चूर्ण झपाट्याने तापवून त्याच वेळी दाब देण्याची पद्धत १९९० नंतर विशेष प्रचारात आली. तापविण्याचा काळ घटल्याने स्फटिकीभवनास अवधी कमी मिळतो. दाब व तापमान अपुरे पडले तर पिंड सच्छिद्र व ठिसूळ राहतो. तापमान वा काल अधिक झाला तर काचच नाहीशी होते.

काही संशोधकांनी साच्यातील संथ दाबाऐवजी आघाताचा अवलंब केला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्येच १९८० नंतर व्ह्रीलंड व टॉमस आरेन्स यांनी शीघ्र गोठविलेल्या धातूंच्या चूर्णांवर आघात-तरंगांचे प्रयोग केले. आरेन्स हे ग्रहांवरील आघातांचेही अभ्यासक होते. आघाताने कणांच्या कडा काही मायक्रोसेकंद वितळतात व थंड गाभ्यामुळे तत्काळ गोठतात. म्हणून जोडही काचमय राहू शकतो. चंद्रावरील बेसाल्टाच्या चूर्णात जे दिसले, तेच तत्त्व येथे धातूच्या चूर्णाला लावले गेले.

साम्य व भेद : लोणारची काच व दाबाखाली सिंटरण केलेली धातुकाच यांत दाबाचे कार्य एकसारखे नाही. लोणारमध्ये २०० किलोबारांहून अधिक दाबाने अस्तित्वात असलेल्या स्फटिकाची रचना मोडली, म्हणजे दाबाने काच निर्माण केली. सिंटरणाच्या साच्यातील दाब सामान्यतः काही किलोबारांपर्यंतच असतो. तो काच निर्माण करीत नाही, तर आधी तयार असलेल्या काचेचे कण तिची विस्कळित रचना न बिघडविता एकत्र आणतो. दोहोंतील समान सूत्र कालाचे आहे. लोणारच्या बेसाल्टातील फेल्स्पाराला आघातानंतर तेवढ्याच उष्णतेत दीर्घकाळ राहावे लागले असते, तर तो पुन्हा स्फटिकरूप झाला असता आणि विवराच्या उत्पत्तीचा पुरावा त्याबरोबर पुसला गेला असता. काच ही मुळात अस्थिर अवस्था आहे. घटना आटोपण्याच्या वेगावर तिचे अस्तित्व अवलंबून असते.

वयाचा प्रश्न : लोणारच्या काचेने उत्पत्तीचा प्रश्न सोडविला, विवराच्या वयाचा प्रश्न मात्र तिनेच अवघड करून ठेवला. आघाताने वितळलेल्या काचेवर उष्मादीप्तीच्या पद्धतीने १९९७ मध्ये सु. ५२,००० वर्षे असे वय काढण्यात आले. २०११ मध्ये जूर्दां व त्यांचे सहकारी यांनी आर्गॉनच्या समस्थानिकांवरून सु. ५,७०,००० वर्षे असे वय दिले. दोन्ही आकड्यांत दहापटींहून अधिक अंतर आहे. हा भेद काचेच्या स्वभावातून उद्भवतो. वितळण्याचा काल अत्यल्प असल्याने मूळ बेसाल्टातील जुना आर्गॉन वायू काचेतून पूर्णपणे निसटत नाही व त्याची दुरुस्ती न केल्यास वय वाजवीपेक्षा अधिक येते. उलटपक्षी काच पाणी व उष्णता यांच्या परिणामाने हळूहळू बदलते; त्यामुळे तीत साठलेली प्रारणाची नोंद काही अंशी पुसली जाऊन वय कमी भरण्याचा संभव असतो. २०११ च्या मापनात जुन्या आर्गॉनची दुरुस्ती केलेली असल्याने त्यास बरेच वजन प्राप्त झाले आहे.

महत्त्व : १९७३ मध्ये लोणार हे बेसाल्टात पडलेले पृथ्वीवरील एकमेव ज्ञात आघात विवर होते. पुढे ब्राझीलमध्येही बेसाल्टातील आघात विवरे ओळखली गेली. तथापि लोणारइतके साधे व शाबूत विवर विरळाच. चंद्रावरील सागर-प्रदेशांचा व मंगळाच्या पृष्ठाचा मोठा भाग बेसाल्टी असल्याने तेथील विवरांशी तुलना करण्यास लोणार हे उत्तम साधन ठरले आहे. शेरघाटीच्या जातीच्या अशनी मंगळावरून आल्या असाव्यात, या अनुमानाला १९८३ मध्ये बळकटी मिळाली तीही काचेमुळेच. अंटार्क्टिकात सापडलेल्या अशा एका अशनीतील आघात-काचेत कोंडलेला वायू व्हायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या वातावरणाशी जुळणारा निघाला. लोणारच्या काही सूक्ष्म गोलिकांत बेसाल्टाच्या मानाने निकेल, कोबाल्ट व क्रोमियम अधिक आढळल्याने, येथे आदळलेली अशनी काँड्राइट या दगडी प्रकारची असावी, असे २००९ मधील संशोधनात अनुमानिले आहे. अशनीचा मोठा तुकडा मिळालेला नसल्यामुळे तिच्याविषयीचे ज्ञान या गोलिकांवरच अवलंबून आहे.

लोणार २००० मध्ये वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२० मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत त्याचा समावेश झाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाल्याने सरोवराकडे सर्वत्र लक्ष वेधले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने लवणप्रिय सूक्ष्मजीव हे त्याचे कारण असल्याचे दाखविले. या मान्यतांचा रोख मुख्यतः पाणी, वनस्पती व पक्षी यांवर आहे. आघाताचा मूळ पुरावा मात्र पाण्यात नसून विवराबाहेर फेकल्या गेलेल्या दगडमातीच्या आवरणात आहे. हे आवरण काठापासून बाहेर एक किमी. हून अधिक अंतरापर्यंत पसरले असून त्याचा बराच भाग शेतजमिनीखाली आहे. ते नांगरले, खणले वा वाहून गेले, तर त्यातील काच व तिचे मूळ स्थान पुन्हा मिळण्याजोगे नाही. कारण ज्या दाबाने ती घडली तो लोणारला एकदाच आणि क्षणभरच लाभला.